तासाचा दर आज ठरतो, हिशोब दोन वर्षांनी मागतात : वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मशीन अवर रेटवर, म्हणजे मशीनच्या एका तासाला खर्च किती धरायचा यावर थोडं लिहिलं होतं, त्यावर जे मेसेज आणि पत्रं आली त्यातली निम्म्याहून जास्त एकाच विषयावर होती. सरकारी किंवा सरकारी कंपनीच्या कामाला पुढच्या दोन-तीन वर्षांचे दर आधीच बांधून द्यायला लागतात, ते काढायचे कसे, टेबलावर मांडायचे कसे आणि नंतर ऑडिटर आला की काय दाखवायचं. मी कॉस्टिंगमध्येच आयुष्य काढलंय आणि ह्या एका गोष्टीपायी चांगली चालणारी युनिट अडचणीत आलेली बघितलीत, म्हणून ह्यावेळी सगळा कॉलम यालाच दिला. नावं कुणाचीच टाकलेली नाहीत.

प्रश्न : आमचं शिरोली एमआयडीसीत मशीन शॉप आहे, कास्टिंग बाहेरून घेऊन फिनिश करून देतो. एका सरकारी डिफेन्स कंपनीचं काम बरीच वर्षं करतोय. यावेळी त्यांनी पार्टचा भाव न मागता पुढच्या तीन वर्षांचा लेबर रेट (तासाची मजुरी) आणि ओव्हरहेड रेट (शॉपचा बाकीचा सामाईक खर्च, तासाला) मागितलाय, हिशोबाच्या कागदांसकट. आमच्या सीएंनी मागच्या बॅलन्सशीटवरून रेट काढला आणि दरवर्षी १० टक्के वाढ धरून दिला, तो त्यांनी परत पाठवला. त्यांना नक्की पाहिजे काय?

उत्तर : साहेब, तुमच्या सीएंनी मागचं वर्ष बघितलं आणि तुम्हाला मागितलंय पुढचं, घोळ एवढाच आहे. कंपनीला वर्षभरात तुमच्याकडनं पन्नास प्रकारचे पार्ट घ्यायचे असतात, दर कोटेशनला लेबर काय लावलं ओव्हरहेड काय लावलं यावर पुन्हा पुन्हा डोकं फोडण्यापेक्षा दर एकदाच बसून बांधून घ्यायचे आणि मग प्रत्येक पार्टला तास किती आणि मटेरियल किती एवढंच बोलायचं. याला फॉरवर्ड प्रायसिंग रेट म्हणतात, आपल्याकडे एचएएल आणि हवाई दलाच्या व्यवहारात मॅन अवर रेट हा शब्द ऐकायला मिळतो तो याच घराण्यातला. तुमची १० टक्के वाढ परत आली कारण ती १० कुठून आली हे त्या कागदात कुठंच नव्हतं.

आता दर निघतो कसा ते बघू. आकडे मी सोपे धरलेत, तुम्ही तुमचे घाला. समजा थेट मशीनवर काम करणारे ४० कामगार आहेत. पगार, पीएफ, ईएसआय, बोनस, ग्रॅच्युइटी सगळं धरून एकाचे वर्षाला ३,३६,००० रुपये, म्हणजे ४० जणांचे १,३४,४०,०००. आता तास काढा. ३६५ दिवसांतनं ५२ साप्ताहिक सुट्ट्या गेल्या, राहिले ३१३. सणाच्या पगारी सुट्ट्या ८, राहिले ३०५. पगारी रजा २५, राहिले २८०. रोजचे ८ तास धरले तर माणशी २,२४० आणि ४० जणांचे ८९,६०० तास.

बहुतेक जण इथंच भागाकार करतात आणि १५० रुपये तास लिहून मोकळे होतात. पण हजर असलेला माणूस आठच्या आठ तास जॉबवर नसतो हे शॉपमध्ये उभं राहिलेल्या कुणालाही माहिती आहे. चहा, साफसफाई, क्रेनची वाट, इन्सर्ट संपलाय, लाईट गेली, क्यूसीवाला आला नाही म्हणून पार्ट टेबलावर पडून. जॉब कार्डावर, म्हणजे कुठल्या पार्टला किती वेळ लागला त्या नोंदीवर, खरोखर चढणारे तास ८५ टक्के धरले तर उरतात ७६,१६०, आणि तोच पगार त्याने भागला की दर येतो १७६ रुपये ४७ पैसे. पगारात एक रुपया बदललेला नाही, दरात साडेसव्वीस रुपयांचा फरक पडला.

यातला कुठलाही दर चालतो बरं का, फक्त पुढचा हिशोब त्याला धरून पाहिजे. १५० धरलात तर त्या रिकाम्या १५ टक्के तासांचे २०,१६,००० रुपये ओव्हरहेडच्या पूलमध्ये, म्हणजे त्या सामाईक खर्चाच्या बेरजेत टाकायचे. १७६ धरलात तर ते तिकडे टाकायचे नाहीत. मी बघितलेल्या दहातल्या चार-पाच कागदांत ते दोन्हीकडे असतात, मुद्दाम कुणी करत नाही, लेबर रेट एकाने काढलेला असतो आणि ओव्हरहेड दुसऱ्याने, पण ऑडिटरला ते डबल दिसतं आणि मग तो बाकीच्या प्रत्येक आकड्याकडे संशयाने बघायला लागतो.

ओव्हरहेडचं पण तसंच आहे. समजा वर्षाचा शॉप ओव्हरहेड १,९०,४०,००० आणि तास तेच ७६,१६०, तर दर तासाला २५० रुपये. यातला ७० टक्के खर्च फिक्स आहे, म्हणजे डेप्रिसिएशन, सुपरवायझरचे पगार, इन्शुरन्स, डिमांड चार्जेस, काम असो नसो लागणारच. आता तास ६०,००० वर आले तर दर २९७ च्या वर जातो आणि ९०,००० झाले तर २२३ च्या आसपास येतो. म्हणजे तुमचा रेट पुढच्या वर्षी काम किती येणार ह्या एका अंदाजावर उभा आहे, आणि त्या कामातला मोठा वाटा कुणाच्या हातात आहे तर ज्याच्याशी तुम्ही बोलताय त्या कंपनीच्याच. म्हणून त्यांच्याकडून तीन वर्षांची ऑर्डरची अपेक्षा लेखी मागा. त्यांनी ३०,००० तासांचं काम लिहून दिलं आणि प्रत्यक्षात १५,००० चं दिलं तर दर परत उघडायचा, हे वाक्य करारात घालून घ्या. मागितलं तर बऱ्याचदा देतात, आपणच मागत नाही. आणि तास धरताना सगळ्या गिऱ्हाइकांचे धरा, पंपवाले, ट्रॅक्टरवाले, सगळे. फक्त सरकारी कामाचे तास खाली ठेवून अख्ख्या शॉपचा खर्च वर ठेवला की दर फुगतो आणि ते पहिल्या दिवशी पकडलं जातं.

अजून एक, हे आपल्या कोल्हापूरचं म्हणून सांगतो. मागची चार-पाच वर्षं बघून नॉर्मल तास ठरवतात तेव्हा ऑगस्ट २०१९, २०२० चा लॉकडाऊन आणि जुलै २०२१ हे महिने वेगळे काढायचे. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ४३ फूट ही धोक्याची पातळी, त्याच्या वर पाणी गेलं आणि शिरोलीजवळ हायवे बंद झाला की माल आत येत नाही, माणूस येत नाही, मशीन उभी. ते तास नॉर्मल नाहीत. कॉस्ट अकाउंटंट्सच्या इन्स्टिट्यूटचं कॅपॅसिटीवरचं स्टँडर्ड आहे, सीएएस-२, त्यात नॉर्मल कॅपॅसिटी ही साधारण परिस्थितीतली सरासरी म्हणूनच धरलीय. महापुराचे दिवस बाजूला काढलेत हे कागदावर स्वतःहून लिहा, हजेरी रजिस्टरच्या त्या महिन्याच्या पानांची झेरॉक्स जोडा.

प्रश्न : गोकुळ शिरगावमधल्या एका कंपनीत मी एचआर बघतो. युनियनबरोबर नवीन करार १ ऑक्टोबरपासून आहे, ८ टक्के वाढ. पुढच्या वर्षीच्या रेटला ८ टक्के धरली तर कस्टमरच्या फायनान्सने ४ च मान्य केली. हे बरोबर आहे का?

उत्तर : बरोबर आहे. रेट एप्रिल ते मार्चचा आहे आणि वाढ सहाच महिने लागू आहे, तेव्हा वर्षाची सरासरी ४ टक्केच येते. पण मग त्याच्या पुढच्या वर्षी एप्रिलपासून पूर्ण ८ चा परिणाम दिसला पाहिजे, ते त्यांनी धरलंय का बघा, तिथं बऱ्याचदा विसरलं जातं आणि तोटा आपला होतो. किमान वेतनावरची माणसं असतील तर महाराष्ट्रात विशेष भत्ता जानेवारी आणि जुलैला असा वर्षातनं दोनदा बदलतो, तेही त्या त्या महिन्यापासून धरा. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार लेबर कोड लागू झालेत, त्यात वेतनाची व्याख्या बदललीय, भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनात धरायचा. ज्यांची बेसिक कमी आणि भत्ते भरमसाठ अशी रचना आहे त्यांची ग्रॅच्युइटीची तरतूद त्यामुळे वाढते. जुन्या टक्केवारीवर तीन वर्षांचा रेट बांधून दिलात तर ती वाढ तुमच्या खिशातनं जाईल.

प्रश्न : कागल फाइव्ह स्टार एमआयडीसीत आमची छोटी फाउंड्री आहे. पिग आयर्न आणि स्क्रॅपचे भाव दर महिन्याला हलतात, ते रेटमध्ये कसे धरायचे?

उत्तर : रेटमध्ये धरूच नका. मटेरियल वेगळं ठेवायचं आणि त्यासाठी प्राइस व्हेरिएशन क्लॉज, म्हणजे मटेरियलचा भाव हलला तर किंमत बदलायची अट, मागायचा. जनरल फायनान्शियल रूल्स २०१७ प्रमाणे डिलिव्हरी १८ महिन्यांच्या वर असेल तरच हा क्लॉज देता येतो, त्याच्या आतल्या कामाला फिक्स भाव. क्लॉज मिळाला तर बेस महिना कुठला आणि वाढीला सीलिंग किती हे दोन्ही नीट वाचा. भाव उतरला तर तोही त्यांना द्यायला लागतो आणि तुमच्यामुळे डिलिव्हरी लांबली तर मूळ तारखेनंतरची वाढ मिळत नाही.

प्रश्न : सर, मी सीएमए इंटरची विद्यार्थिनी, राजारामपुरीत राहते. पुण्यात एका कंपनीत इंटरव्ह्यू आहे, काम अमेरिकेतल्या डिफेन्स कॉन्ट्रॅक्टरच्या रेट्सचं आहे. एफपीआरए, एफपीआरआर, बिलिंग रेट असले शब्द जॉब डिस्क्रिप्शनमध्ये आहेत. अभ्यासक्रमात हे नाही. थोडं समजावून सांगाल का?

उत्तर : सांगतो की, आणि तू विचारलंस हे फार बरं वाटलं, आपल्या पोरापोरींनी हे शिकायला पाहिजे.

आधी माणसं ओळखून घे. तिकडे डिफेन्सचे कॉन्ट्रॅक्ट सांभाळायला डीसीएमए नावाची एजन्सी आहे आणि हिशोब तपासायला डीसीएए, ही १९६५ मध्ये सुरू झाली. डीसीएए तपासून मत देते, पण सही करायचा अधिकार तिचा नाही. दरांवर वाटाघाटी करून सही करतो तो ॲडमिनिस्ट्रेटिव्ह कॉन्ट्रॅक्टिंग ऑफिसर, मोठ्या कॉन्ट्रॅक्टरसाठी तो डीसीएमएचा असतो. इंटरव्ह्यूत हे उलटं सांगू नकोस.

एफपीआर म्हणजे वर सांगितलेला फॉरवर्ड प्रायसिंग रेटच. कॉन्ट्रॅक्टर पुढच्या वर्षांचे दर मांडतो ते एफपीआरपी, प्रपोजल. तपासून, भांडून दोघांनी सही केली की एफपीआरए, म्हणजे ॲग्रीमेंट. जमलंच नाही किंवा अजून जमायचंय तर सरकारी ऑफिसर आपल्या बाजूने एक दर ठरवून ठेवतो आणि सरकारचे सगळे लोक वाटाघाटीत तोच वापरतात, तो एफपीआरआर, शेवटचा आर रेकमेंडेशनचा. कॉन्ट्रॅक्टरने तो मान्य केलेला नसतो हे लक्षात ठेव. आणि हे ॲग्रीमेंट सगळ्यांशी करत बसत नाहीत, ज्याच्याकडे सरकारी प्रपोजल भरपूर आहेत त्याच्याशीच. झालेलं ॲग्रीमेंट दोन्हीपैकी कुठलीही बाजू रद्द करू शकते.

आता जिथं सगळे गोंधळतात ते. फॉरवर्ड प्रायसिंग रेट हा काम घेण्याआधी किंमत ठरवायचा. काम सुरू झाल्यावर कॉस्ट-रिइम्बर्समेंट प्रकारच्या (झालेला खर्च भरून मिळतो अशा) कॉन्ट्रॅक्टवर दर महिन्याला बिल लावायला लागतो तो प्रोव्हिजनल बिलिंग रेट. आणि वर्ष संपल्यावर खरा खर्च बघून ठरतो तो फायनल इनडायरेक्ट रेट, म्हणजे ओव्हरहेडसारख्या खर्चाचा शेवटचा दर, त्याचं प्रपोजल वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत द्यायला लागतं. आपल्या घरात लग्न असलं की आधी केटररशी ताटाचा भाव ठरतो, मग मधे मधे उचल देतो आणि शेवटी पंगती मोजून हिशोब होतो, तसे हे तीन. फिक्स्ड प्राइस कामात मात्र ताटाचा भाव ठरला की ठरला, नंतर केटररला स्वस्त पडलं म्हणून कुणी पैसे परत मागत नाही.

मागतात ते एकाच कारणाने, आणि सगळ्या विषयाचं हृदय हेच आहे. १९६२ चा ट्रुथ इन निगोशिएशन्स ॲक्ट म्हणून कायदा आहे. ठरावीक रकमेच्या वरच्या, स्पर्धा नसलेल्या कामाला कॉन्ट्रॅक्टर सर्टिफिकेट देतो की किंमत ठरली त्या दिवशीपर्यंतची माझ्याकडची सगळी माहिती अचूक, पूर्ण आणि ताजी अशी मी दिलीय. एफपीआरएसाठी जी जी माहिती दिलेली असते तीही ह्या सर्टिफिकेटच्या पोटात येते. दर सहा महिन्यांपूर्वी सह्या होऊन बांधलेले असले तरी सुटका नाही, मधे काही बदललं असेल तर सांगायला लागतं. नाही सांगितलं आणि त्यामुळे किंमत फुगली असं सिद्ध झालं तर तेवढी रक्कम कापतात, वर व्याज, आणि जाणूनबुजून लपवलं असेल तर जादा दिलेल्या रकमेएवढा दंड. याला डिफेक्टिव्ह प्रायसिंग म्हणतात. अंदाज चुकला म्हणून कुणी कॉन्ट्रॅक्टरला धरत नाही, माहिती असून दिली नाही म्हणून धरतात. अंदाज आणि माहिती यातला हा फरक तुला दोन उदाहरणं देऊन बोलता आला तर समोरचा पुढचे प्रश्न वेगळ्या नजरेने विचारेल.

काही खर्च तिकडे दरात चालतच नाहीत, व्याज, देणग्या, करमणूक, दंड, दारू, बुडीत येणी. आपल्याकडे पण ऑडिटर त्याच ओळींवर बोट ठेवतो. एका युनिटच्या ओव्हरहेडमध्ये मंडळाची वर्गणी आणि फुटबॉल टीमचे जर्सी आले होते, मालकांना वाटत होतं की गावात राहायचं तर हा धंद्याचाच खर्च आहे, आणि माणूस म्हणून मला ते पटतं, पण सरकारी कामाच्या तासावर तो चढवता येत नाही. खंडेनवमीला मशीन पुजून कामगारांना दिलेले पेढे मात्र मी स्टाफ वेल्फेअरमध्ये धरतो आणि त्यासाठी कुणाशीही वाद घालायची माझी तयारी असते.

प्रश्न : थोडी खासगी गोष्ट आहे. आमचा रेट करार एप्रिलमध्ये सही झाला. त्याआधी मार्चमध्येच आमच्या डायरेक्टर्सनी सोलर प्लँट मंजूर केला होता, जुलैपासून चालू झाला. रेट काढताना लाईटबिल जुन्या हिशोबानेच धरलं होतं. त्यावेळी लक्षातच आलं नाही. आता त्यांचे ऑडिटर पुढच्या महिन्यात येणार आहेत. सांगू का गप्प बसू?

उत्तर : सांगा. ऑडिटर यायच्या आधी, लेखी, स्वतःहून.

मार्चचा ठराव मिनिट बुकात आहे. ऑडिटर आला की जी पहिली दोन-तीन पुस्तकं मागतो त्यात ते असतं, आणि सही एप्रिलची आहे. लक्षात आलं नाही हे खरं असलं तरी तारखा तसं बोलत नाहीत. तुमच्या करारात बुक एक्झामिनेशन क्लॉज आहे का ते आज काढून वाचा, डिफेन्सच्या करारांत तो असू शकतो, असेल तर त्यांना वह्या बघायचा हक्क आहे.

पण सांगताना घाबरून सगळंच्या सगळं कबूल करू नका, हिशोब करून सांगा. तुम्ही आकडे दिले नाहीत म्हणून मी धरतो. समजा सोलरमुळे पहिल्या वर्षी नऊ महिन्यांत लाईटबिल ९ लाखांनी कमी झालं. नुसतं एवढं बघितलं तर ७६,१६० तासांना तासाला पावणेबारा रुपयांच्या वर बसतात आणि ह्या गिऱ्हाइकाच्या ३०,००० तासांवर साडेतीन लाख होतात. ऑडिटर एवढंच मांडेल, कारण लाईटबिल त्याला सहज दिसतं. पण प्लँट घेतला तर त्याचं डेप्रिसिएशनही वाढलं, समजा त्या वर्षाचं ४ लाख. मग खरी बचत ५ लाख, तासाला साडेसहा रुपये, आणि ह्या गिऱ्हाइकाच्या वाट्याला दोन लाखांच्या आसपास. हे दीड लाख तुमचे आहेत आणि ते तुम्ही मांडले तरच दिसतात. पत्रासोबत मिनिट बुकातला ठराव, प्लँटचं बिल, कमिशनिंगचा दाखला आणि महावितरणची आधीची नि नंतरची बिलं जोडा, उरलेल्या वर्षांचा सुधारलेला रेट स्वतःच मांडा.

मला माहितीय की दोन लाख देताना जीव तुटतो. पण मी दुसरी बाजू बघितलीय. एका युनिटने असंच गप्प बसायचं ठरवलं होतं, रक्कम याहून कमी होती, ऑडिटमध्ये ती निघाली आणि मग त्यांनी मागची तीन वर्षं उघडली, सात-आठ महिने बिलं अडकली, त्या दिवाळीला मालकाने बायकोचे दागिने ठेवून बोनस दिला. मी त्यांच्याकडे तेव्हा पार्टटाइम कॉस्टिंग बघायचो आणि गप्प बसू नका हे मी जितक्या जोरात सांगायला पाहिजे होतं तितक्या जोरात सांगितलं नाही, ते अजून खुपतं. म्हणून तुम्हाला सांगतोय.

प्रश्न : नेगोशिएशनला गेलं की समोरचे म्हणतात सगळं मान्य आहे, फक्त ५ टक्के कमी करा. आम्ही करतो आणि येतो. काही वेगळं करता येतं का?

उत्तर : येतं. पहिलं म्हणजे टेंडर असेल तर मुळात एवढी घासाघीस व्हायलाच नको, सेंट्रल व्हिजिलन्स कमिशनचं २००७ चं सर्क्युलर आहे की टेंडर उघडल्यावर एल-वन (सगळ्यात कमी भाव भरणारा) सोडून कुणाशी वाटाघाटी नाहीत आणि एल-वनशी पण अपवाद म्हणूनच. सिंगल टेंडर किंवा नॉमिनेशनचं, म्हणजे एकालाच थेट दिलेलं काम असेल तर मात्र कमिटी बसते आणि बोलायला लागतं.

तिथं सरसकट ५ टक्के आलं की शांतपणे विचारायचं, साहेब यातली कुठली ओळ तुम्हाला जास्त वाटते. आवाज चढवायचा नाही, फक्त वर्किंगचा कागद त्यांच्याकडे सरकवायचा. एकदा एका मीटिंगमध्ये असंच विचारल्यावर समोरच्या फायनान्सच्या मॅडमनी खरोखर कागद ओढून घेतला, पेन्सिलने ८५ टक्क्यांखाली रेघ मारली आणि म्हणाल्या, हे ८८ का नाही? मग चर्चा खरी झाली. आमच्याकडे मागच्या बारा महिन्यांची ब्रेकडाउनची वही होती, ती दाखवली, त्यांनी दोन मशीनचा ब्रेकडाउन जास्त आहे हे दाखवून दिलं आणि ते खरंच होतं, एक स्पिंडल आम्ही वर्षभर बदलायचा टाळत होतो. शेवटी ८६ वर मिटलं. दर थोडा खाली आला पण का आला हे दोघांनाही माहिती होतं, आणि दोन वर्षांनी ऑडिट झालं तेव्हा त्यांच्याच फाइलमध्ये ८६ ची टिपणी असल्यामुळे कुणी प्रश्न विचारला नाही.

नुसते ५ टक्के सोडून दिलेत तर ते कुठल्या ओळीतनं गेले हे कागदावर राहत नाही. ऑडिटर विचारतो की ५ टक्के सहज सोडलेत म्हणजे आधी फुगवलं होतं का, आणि तुमच्याकडे उत्तर नसतं. म्हणून मीटिंग झाली की त्याच संध्याकाळी कुठल्या ओळीवर काय ठरलं याचा मेल टाकायचा, चार ओळींचा असला तरी चालेल.

प्रश्न : काका, आमचं उद्यमनगरात सहा माणसांचं जॉबवर्क आहे, मी आणि माझे मिस्टर मिळून बघतो. मोठ्या कंपनीकडून सरकारी कामाचे पार्ट आमच्याकडे येतात. आता ते आमच्याकडेही तासाचा रेट आणि त्याचं वर्किंग मागायला लागलेत. कॉस्ट ऑडिट वगैरे आम्हाला लागतं का?

उत्तर : ताई, कॉस्ट ऑडिट नाही लागत. २०१४ च्या नियमांनी कॉस्ट रेकॉर्ड ठेवायची सक्ती ३५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्या आणि ठरावीक उद्योगांतल्या कंपन्यांनाच आहे, आणि मायक्रो नि स्मॉल युनिटना त्यातनं वगळलंय. पण वरच्या कंपनीला तिच्या गिऱ्हाइकाला उत्तर द्यायचंय म्हणून ती तुम्हाला विचारतेय, तेव्हा साधं का होईना पण वर्किंग असू द्या. वर पहिल्या उत्तरात ४० माणसांचं केलंय तेच सहाचं करायचं, एका पानात होतं.

त्याहून महत्त्वाचं जॉब कार्ड. हे कॉम्प्युटरवर नसलं तरी चालतं, छापील वही चालते. तारीख, पार्ट नंबर, सुरू केल्याची वेळ, संपल्याची वेळ, किती नग, आणि मशीन थांबली असेल तर कारण. ज्या माणसाने काम केलं त्यानेच, मशीनजवळ उभं राहून, त्याच दिवशी भरायचं. एका ऑडिटला मी हजर होतो, ऑडिटर वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी आकडे वाचायच्या आधी कार्डांचा गठ्ठा नुसता हातात घेऊन उलटा-सुलटा केला. तीन महिन्यांची कार्डं, सगळी एकाच निळ्या पेनने, एकाच अक्षरात, आणि एकावरही कूलंटचा किंवा तेलाचा डाग नाही. त्यांनी गठ्ठा खाली ठेवला आणि विचारलं, हे ऑफिसात कोण भरतं? तास बहुतेक खरेच असणार होते, भरणारा मुलगा प्रामाणिक होता, महिन्याच्या शेवटी सुपरवायझरला विचारून विचारून भरायचा. तरी ती सगळी कार्डं बाद धरली आणि तासांचा पुरावाच उरला नाही.

तेव्हा वही मशीनच्या शेजारी दोरीला बांधून ठेवा, पेनसकट. वेळ चुकली तर खोडून वर सही करायची, पांढरी शाई लावायची नाही. पहिले पंधरा दिवस कामगार कुरकुर करतील, संध्याकाळी बंद करायच्या आधी तुम्ही स्वतः एक चक्कर मारून त्या दिवसाचं पान बघा आणि खाली तारीख टाकून सही करा. तीन महिन्यांची पानं जमली की मला पाठवा, रेटचं वर्किंग आपण बसून करू.